जीपच्या मागचं लोखंड

आमच्या भागात पाऊस थांबला म्हणून पावसाळा संपला असं कुणी म्हणत नाही. शेतांकडे जाणाऱ्या पांधणी वाळाव्या लागतात. काळी माती दिवाळीपर्यंत चप्पल धरून ठेवते, मग हळूहळू सोडते, आणि एका सकाळी लक्षात येतं की बैलगाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जशा उमटल्या होत्या तशाच दगडासारख्या कडक झाल्या आहेत. तुरीच्या शेंगा भरत असतात, कापसाची वेचणी चालू असते, आणि धुळीला अजून नवेपणाचा वास असतो. पंचांगात या दिवसांना वेगळं नाव नाही. मंदा, माझी बायको, म्हणायची, "चला, रस्ते उघडले." तिने असं म्हटलं की सायकलच्या टायरमध्ये हवा भरली जायची.

यंदा रस्ते उघडल्याचं मला कानांनी कळलं. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे ज्वारी आणायला गेलो होतो. डांबर सोडून जीप पांधणीत उतरली आणि मागे खडखडाट सुरू झाला. चाकोरी आली की खड्, पुढची आली की पुन्हा खड्. मी थांबलो, मागे जाऊन पाहिलं. काहीच निसटलेलं नव्हतं. जीपच्या मागे सायकल ठेवण्यासाठी बसवलेला लोखंडी स्टँड रिकामा होता, एवढंच. मागच्या हिवाळ्यात तो कधी रिकामा गेला नव्हता. त्यामुळे तो वाजतो हेच मला माहीत नव्हतं.

मंदाने नोकरीभर शेगावात मुलींना कवायत आणि खो-खो शिकवला. मैदानावर ती पुस्तकी मराठी बोलायची आणि घरात पाऊल टाकलं की सोनाळ्याची. सोनाळा तिचं माहेर. निवृत्त झाल्यावर तिने जाड टायरची निळी सायकल घेतली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. मला सायकल येते, पण ती मला आवडते असं म्हणता येणार नाही. मंदाला मात्र ती लहानपणापासून हवी होती. वडिलांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून, तिरकी होऊन, ती सोनाळ्याच्या पांधणीत शिकली होती. ती पांधण त्यांच्या शेतापासून निघते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे माती संपून गोटे सुरू होतात, तिथे जाऊन हरवते.

मागच्या हिवाळ्यात तिला त्या पांधणीत सायकल चालवायची होती.

ऑपरेशन होऊन गेलं होतं. औषधांचे जड दिवसही संपले होते. केस परत येत होते, आखूड आणि कुरळे. तिला ते आरशात पाहून हसू यायचं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडी सायकल चालवायला हरकत नाही. मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "हा हिवाळा त्यांना हवं ते करू द्या." हळू आवाज तिच्यापर्यंत पोचणार नाही असं त्यांना का वाटलं असेल? मैदानाच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकायची सवय असलेली बाई होती ती. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "मंग सोनाळ्याले जाचं. अन् सायकल संगं घ्याची."

सायकल संगं घ्यायची म्हणजे ती गाडीवर बांधायची, आणि कशी बांधायची हा प्रश्न माझ्याकडे आला. माणूस घाबरला की काहीतरी करत राहतो. मी वाचायला लागलो. सायकल वाहून नेण्याच्या इतक्या तऱ्हा जगात आहेत हे मला माहीत नव्हतं. टपावर उभी करायची एक तऱ्हा. मागच्या दाराला पट्ट्यांनी टांगायची दुसरी. गाडीच्या सांगाड्यालाच, अगदी खाली, लोखंडी पाट जोडून त्यावर उभी करायची तिसरी. कोणती कुठे कामाची, खडबडीत रस्त्यावर कोणती दगा देते, चित्रांसकट सगळं सापडत होतं. मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचो. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकायची.

"टपावरचं सगळ्यात सुरक्षित म्हणतात," मी म्हणालो.

"टपावर ठेवणार कोन?"

"मी ठेवीन की."

"सायकल माही हाय. ठेवीन त मीच ठेवीन." तिने डावा हात जेवढा वर जात होता तेवढा उचलून दाखवला. "हा इथलोक येते. आता याच्या मापाचं पाहा."

एखाद्या वस्तूची निवड मी यापूर्वी इतक्या नेमक्या मापावर केली नव्हती. टप बाद झाला. पट्ट्यांचा स्टँड स्वस्त होता, सुटसुटीत होता, पण जीपच्या मागच्या दारावर स्टेपनी आहे, आणि मी वाचलं होतं की चाकोऱ्यांच्या रस्त्यावर पट्टे हळूहळू सैल होत जातात. एका वळणावर आपण आरशात पाहतो आणि सायकल झोपाळ्यावर बसलेली असते. हे वाचून दाखवलं तेव्हा मंदा खूप हसली. उरला खालचा पाट. त्यावर सायकल चाकांवर उभी राहते, सगळं वजन चाकं घेतात, दांड्याला फक्त आधार लागतो. उचलायचं ते गुडघ्याएवढंच. मी बाहेरून मागवायचे तसले दोन-तीन नमुने तिला दाखवले. हलक्या धातूचे, चकचकीत. तिने ते नीट पाहिले आणि विचारलं, "यावर संत्र्याचं पोतं राहीन का?"

"मंदा, सायकलचा विषय चाललाय."

"सायकल जाताना. येताना काय रिकामं याचं?"

हे मला कळायला हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सोनाळ्याहून आमचं कुठलंही वाहन रिकामं आलं नव्हतं. एसटीने जायचो तेव्हा टपावर पोतं यायचं. लेकीची गाडी माहेरातून मोकळी निघाली तर घराला कमीपणा. ती सासरी उतरली की शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे की माहेर अजून भरलेलं आहे. आधी हे सासरे करायचे, त्यांच्यानंतर मंदाचा धाकटा भाऊ देविदास. जावयाने यात बोलायचं नसतं. "कशाला, कशाला" म्हणायचीही मला सवय नाही, मागायचा तर प्रश्नच नाही. मी नेहमी जीपमध्ये आधीच जाऊन बसायचो. मागून गाडी खाली दबल्याचं जाणवलं की समजायचं, निघायची वेळ झाली.

तर असा स्टँड हवा होता जो गोट्यांतून, चाकोऱ्यांतून जाईल, एका हाताने सायकल चढवता येईल एवढा खाली असेल, आणि संत्र्यांची पोती सांभाळेल. तसा नमुना कुठल्याच पानावर नव्हता. म्हणून आम्ही रफिकभाईंकडे गेलो.

रफिकभाईंचं वेल्डिंगचं दुकान आमच्या घराच्या मागच्या रस्त्याला आहे. अर्ध्या शेगावची फाटकं त्यांच्या हातची. त्यांची मुलगी मंदाकडे खो-खो शिकलेली, त्यामुळे मंदाला खुर्ची आणि मला स्टूल मिळालं. मी मोबाइलमधली चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"सर, हे त खेळनं हाये. आपल्या रोडावर एका दिवसात याचा पापड होईन."

"मंग तुमी बनवा न," मंदा म्हणाली.

"बनवतो मॅडम. असं मजबूत बनवतो का सायकल मोडन पन स्टँड नाही मोडनार."

"वा! म्हंजे मी स्टँडावर बसून सोनाळ्याले जाऊ का?"

मी पुन्हा चित्रं काढली. चाकांसाठी पन्हळीसारखे दोन चॅनल हवेत, सायकल जिथे टेकते तिथे रबर हवं, जोड दाराला नको, चेसिसला हवा. रफिकभाईंनी सगळं ऐकून घेतलं, "हाव सर, हाव सर" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात एक फाटक बनवून ठेवलं. दुसरं काय म्हणणार? जाड पाइप, आडव्या पट्ट्या, आणि दोन्ही कडांना वर, बंगल्याच्या फाटकांना असतात तसे दोन भाले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"शोभा पाह्यजे न सर थोडी."

मंदाला बोलता येत नव्हतं इतकी ती हसत होती. रफिकभाई आधी रुसले, मग तेही हसले. भाले काढायला तिने मनाई केली. "राहू द्या, मागचा गाडीवाला दूर राहीन."

जीपला तो जोडला, सायकल चढवली, दुकानामागच्या पडीक जागेत चाकोऱ्यांवरून गाडी फिरवली. काहीच हललं नाही. रफिकभाई मिशीवर हात फिरवत उभे. मग मंदाला पाणी हवं होतं. पाण्याची बाटली, तिची शाल आणि गोळ्या मागच्या बाजूला ठेवलेल्या, आणि मागचं दार उघडेना. उघडणार कसं? दारासमोर आता फाटक होतं. आम्ही तिघे ते बघत उभे राहिलो. रफिकभाई हळूच म्हणाले, "मजबूत झालं पन." माझ्या वाचनातही हे कुठे नव्हतं, किंवा असेल आणि मी पान उलटलं असेन. शेवटी त्यांनी खाली बिजागऱ्या घातल्या, एक पिन ठेवली. पिन काढली की स्टँड बाहेरच्या बाजूला झुकतो आणि दार उघडतं. फाटक बनवणाऱ्याला बिजागरी सुचायला इतका वेळ का लागला, असं मंदा त्यांना विचारत राहिली. रबराच्या जागी जुन्या ट्यूबचे तुकडे मी स्वतः कापून गुंडाळले. तेवढं एक काम माझ्या वाचनाप्रमाणे झालं.

आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, त्या दिवसांत आमच्या घरात आजाराबद्दल फार कमी बोलणं झालं. स्टँडबद्दल खूप झालं. तो टिकेल का, डगमगेल का, कितपत भार घेईल, असं आम्ही एकमेकांना विचारत होतो, आणि एकमेकांना धीर देत होतो की नक्की टिकेल, चांगलं लोखंड आहे. तिला कळत होतं. मलाही कळत होतं. शेंगा सोलून व्हायच्या, ती टरफलं गोळा करून उठायची.

निघायच्या सकाळी अंगणात दव होतं. तिने सायकल जीपमागे आणली, पुढचं चाक चॅनलमध्ये टेकवलं, मग उजव्या हाताने सीटखाली धरून मागचं चाक उचललं. मी पुढे झालो. "हात नोका लावू," ती म्हणाली. चाक बसलं. तिने पट्टा ओढला, सायकल हलवून पाहिली, आणि धाप लागलेली दिसू नये म्हणून भाल्यांवरचं दव पदराने पुसत राहिली. पूर्णेचा पूल ओलांडेपर्यंत मी आरशात सारखं पाहत होतो. आरशात फक्त हँडल दिसायचं, आणि एक भाला.

सोनाळ्याच्या शेतात तिने सायकल स्वतः उतरवली. देविदास आणि त्याची बायको कांता दोघं काळजीने उभे. "आक्का, लय दूर नोको जाऊ," देविदास म्हणाला. "पांधन खराब हाये."

"तुह्यापेक्षा जुनी वळख हाये माही तिच्यासंगं," असं म्हणून ती निघाली.

मी जीप घेऊन मागे मागे गेलो नाही. बांधावरच्या निंबाखाली पुस्तक उघडून बसलो. एका बाजूला कपाशी, एका बाजूला तूर, मध्ये ती निळी सायकल लहान होत गेली. चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून ती तोल सांभाळत चालली होती. मग तूर आडवी आली. पुस्तकाचं पान मी उलटलं नाही. बऱ्याच वेळाने ती परत आली तेव्हा सायकल हातात धरून चालत होती, केसांत धूळ, कपाळावर घाम. "गोट्याईलोक गेली होती," तिने सांगितलं. गोट्यांपर्यंत. कांताने तिला पाणी दिलं. ती तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली आणि सातपुड्याकडे पाहत सावकाश पाणी प्याली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं सावकाश काही करताना पाहिलं नव्हतं.

परत निघायच्या दिवशी देविदासने स्टँड पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. एका चॅनलवर संत्र्यांचं पोतं बसलं. दुसऱ्यावर दुसरं. वरून तुरीच्या शेंगांचा भारा, भाल्यांना दोर घालून. भाल्यांचा उपयोग तेव्हा समजला. सगळं आवळून झाल्यावर सायकल भिंतीशीच उभी होती.

"आता हे कुठी ठेवतं आक्का?" देविदासने डोकं खाजवलं. "एक पोतं काढतो."

"काढू नोको," मंदा म्हणाली. "भरलेली गाडी खाली करत नसतेत. राहू दे सायकल. इथं असली म्हंजे मले यावंच लागन."

हिवाळा संपला, उन्हाळ्यात दुखणं परतलं, आणि श्रावणात, पांधणी चिखलात बुडालेल्या असताना, मंदा गेली. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

ज्वारी घेऊन परतलो त्या दिवशी रफिकभाई दुकानाबाहेर उभे होते. त्यांनी खडखडाट ऐकला असणार. जवळ आले, स्टँडवर हात ठेवला. "सर, म्हनत असान त काढून देतो. एका चहाचं काम." मी नको म्हटलं. "मंग ऑइल टाकून देऊ का? कमी वाजन." तेही नको म्हटलं. त्यांनी चहा मागवला आणि आम्ही तिथेच उभ्याने प्यालो.

त्याच आठवड्यात देविदासचा फोन आला. "भाऊजी, सायकल किती दिस ठेवता इथं? उंदरं सीट कुरतडून राह्यले. या एखाद्या दिवशी."

त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली वस्तू माणूस किती दिवस सांभाळेल? पण मंदा गेल्यापासून मी ज्या प्रश्नाला बगल देत होतो तो आता समोर होता. बायको गेल्यावर तिच्या माहेराचे आपण कोण असतो? दिवसकार्याला सगळे आले होते, रडले होते, आणि मग आपापल्या कामाला लागले. आम्हाला मूल नाही, त्यामुळे मामाचं गाव म्हणून तिकडे जाणारंही कुणी नाही. सोनाळ्यात माझं असं एकच उरलं होतं, ती सायकल. ती आणली की त्या घराकडे जाणारा रस्ता पुन्हा मिटेल आणि कुठल्याच हिवाळ्यात उघडणार नाही, असं मला वाटत होतं. तरी गेलो. नाही म्हणायला कारण नव्हतं.

सायकल ओसरीत उभी होती. पुसलेली, हवा भरलेली, चेनला तेल, सीटला नवं कव्हर. इतकी तयारी पाहून मनातली उरलीसुरली आशाही विझली. कांताने सोले-वांग्याची, ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी आणि भाकरी वाढली. देविदास रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपांबद्दल बोलला, तूर कशी तुडवतात ते सांगितलं. मंदाचं नाव कुणी घेतलं नाही. जेवण झालं, सुपारी झाली. देविदासने सायकल बाहेर आणली, पुढचं चाक चॅनलमध्ये टेकवलं. त्याचे दोन्ही हात धड आहेत, त्याला काहीच वेळ लागला नाही. तो पट्टा ओढू लागला.

नेहमीप्रमाणे मी जीपमध्ये जाऊन बसायला हवं होतं. दाराला हातही लावला होता. पण अंगणाच्या कडेला निंबाखाली संत्र्यांचा ढीग दिसत होता, आणि शेजारी तोंड शिवलेली दोन पोती. स्टँडचा दुसरा चॅनल मोकळा होता. त्या पोत्यांकडे कुणीच वळलं नाही. कांता दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे पाहत होती.

"देविदास," मी म्हणालो, "यंदा संत्री गोड नाहीत का?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्या अंगणात मी कधी काही मागितलं नव्हतं.

देविदासचे हात पट्ट्यावरच थांबले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कांताकडे.

"हायेत न भाऊजी. लय गोड हायेत." तो पोत्यांकडे पाहत म्हणाला. "तुमच्यासाठीच भरून ठेवले होते पोते. मंग हे कांता म्हने, एकटा मानूस, आक्का नाही, पोतं पाहून त्याईले आनखी वाईट वाटन. देवावं का नाही, काही समजूनच नाही राह्यलं."

"अन् सायकलचं म्याच सांगितलं फोनवर बोलाले," कांता दारातून म्हणाली. "उंदरं नाहीत न काही नाही. म्हटलं, सायकल न्याले तरी येतीन."

मग मी म्हणालो, "दोन्ही पोती ठेव."

"दोन्ही?"

"हो."

"अन् सायकल?"

"जागा कुठं आहे?"

मान खाली घालून देविदासने पट्टा सोडला आणि सायकल उतरवली. कांताने डोळ्याला पदर लावला आणि तशीच हसली. "हाव न, जागा कुठी हाये! पुढच्या खेपेले नेजा." ती सायकल धरून ओसरीत घेऊन गेली. मी जीपमध्ये जाऊन बसलो. मागून एकदा गाडी दबली, मग पुन्हा दबली. दोर भाल्यांना आवळल्याचा आवाज आला. देविदासने बोनेटवर थाप मारली.

गावाबाहेर पडून मी लगेच डांबरी रस्त्याला लागलो नाही. शेताच्या बाजूने, पांधणीने गेलो. ऊन उतरलं होतं, तुरीवर पिवळा उजेड होता. चाकोरी आली, गाडी डावीकडे कलली, सावरली. पुढची आली. मी कान मागे देऊन चालवत होतो. लोखंड वाजत नव्हतं. गोटे लागेपर्यंत गेलो, तिथे गाडी वळवली, आणि संत्र्यांचा वास घेऊन घरी आलो.